दरडीपाशी उभा राहणारा

अमरावती
३ नोव्हेंबर २०२४

ती. चंदामावशी,

नमस्कार आधीच घालून ठेवते, कारण पुढे मागणी आहे. तू म्हणशीलच की कामाशिवाय आरतीला मावशी आठवत नाही.

मी एका खेळाच्या नादी लागले आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं आणि बाकीचे मोबाइल घेऊन ती शोधत हिंडतात. शाळेत सांगितलं तर आमचे हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, कावून रिकामे धंदे करून राहिल्या?" पण यातच अर्थकॅश (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) नावाचा एक प्रकार आहे. तिथे डबी नसतेच. जागा हाच खजिना. जागा मांडणाऱ्याने तिथल्या खडकामातीचा छोटा धडा लिहायचा आणि खाली प्रश्न द्यायचे. लोकांनी प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि उत्तरं त्याला पाठवायची. एक परीक्षक असतो, त्याने पास केलं तरच जागा नकाशावर येते.

माझा पहिला धडा त्याने साभार परत केला. चिखलदऱ्याच्या कड्यांवर लिहिला होता. सोबत छापून पाठवते आहे. तू जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलंस, मी आपली भूगोलाची बाई. पडद्यावर वाचलं की तुझे डोळे दुखतात, म्हणून हे कागद. लाल पेन काढ.

तुझी आरती


अकोला
११ नोव्हेंबर २०२४

चि. आरती,

आशीर्वाद घे आणि बोलणीही खा.

"दख्खनचे पठार हे अग्निजन्य खडकांचे बनलेले असून..." हे वाचायला कोणी घाट चढून कशाला येईल? हे सातवीच्या पुस्तकात आहे. परीक्षक शहाणा दिसतो.

एका जागेची एकच गोष्ट सांगायची. तीही अशी, की माणूस तिथे उभा राहिला तरच त्याला कळेल. प्रश्नही तसेच हवेत. घरी बसून फसवता आलं तर तो प्रश्नच नव्हे. मी पोरांना नदीकाठी न्यायची तेव्हा आधी माती तोंडात घालायला लावायची. चिमूटभर दातांखाली धर. करकर लागली तर गाळ, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. पोरी ओकल्यासारखं करायच्या, पण जन्मात विसरल्या नाहीत.

चिखलदरा सोड, तिथे सगळेच जातात. आपल्या खारपाणपट्ट्याचं बघ. इथल्या विहिरींचं पाणी खारट का, हे इथेच जन्मलेल्यांना सांगता येत नाही. बाळापूरला किल्ल्याखाली दोन नद्या मिळतात, तिथे उतरून काठ बघ. आणि एकटी जाऊ नकोस.

मावशी


अमरावती
२ डिसेंबर २०२४

ती. मावशी,

बाळापूरला गेलेच नाही, रागावू नकोस. दर्यापूरकडून परतताना वाटेत पूर्णेच्या काठी उतरले आणि अशी जागा सापडली की बस्स! दोन पुरुष उंचीची पिवळी दरड, सरळ कापल्यासारखी. वर काळी माती, मध्ये पिवळा गाळ, त्यात चुनखडीचे गोटे, आणि खाली एक पांढरा पट्टा. हात लावला तर टाल्कम पावडर. मी घरी येऊन वाचलं. ही ज्वालामुखीची राख, सुमात्रा बेटावरून हजारो वर्षांपूर्वी उडत आलेली! आपल्या पूर्णेच्या काठावर सुमात्रा! मला रात्रभर झोप आली नाही.

वरचं शेत डोमाजी नावाच्या म्हाताऱ्यांचं आहे. परवानगी लागते म्हणून त्यांना भेटले. म्हणाले, "पाहा ना बाप्पा, नदी का माह्या बापाची हाय? फोटो काढा, माती चाखा. पन त्या दरडीजवळ मानूस उभा नोका करू." का, विचारलं तर बिडी पेटवून कपाशीत शिरले.

दरड पडेल अशी त्यांना भीती असणार. पण मापाशिवाय धडा कसा होणार? येणाऱ्यांकडे टेप नसतो. म्हणून मी प्रश्न घातला आहे: सोबत्याला दरडीपाशी उभं करा आणि पांढरा थर त्याच्या अंगावर कुठवर येतो ते लिहा. गुडघा, कंबर, छाती? आहे ना अगदी तुझ्या पद्धतीचा? मसुदा तपासून लगेच पाठव.

आरती


अकोला
१० डिसेंबर २०२४

चि. आरती,

मसुदा तपासला नाही. ती जागा घेऊ नकोस.

गाळाची दरड पोकळ असते, वरून दिसत नाही. दुसरी कुठलीही जागा घे. आणि घेणारच असशील तर माणूस उभा करायला सांगू नकोस. लोकांनी दरडीला पेन टेकवावं, हातोडी टेकवावी, चप्पल टेकवावी. माणूस नको.

माझी तब्येत बरी आहे.

मावशी


अमरावती
१९ जानेवारी २०२५

ती. मावशी,

तुझं एवढंसं पत्र वाचून मी खट्टू झाले, खोटं कशाला बोलू? पण तोवर मसुदा गेला होता आणि परीक्षकाने एका फटक्यात पास केला. 'दरडीपासून लांब राहा, काठ ठिसूळ आहे' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. माणसाचा प्रश्न मात्र ठेवला. आता तू बोलणार आहेस तर बोल.

पहिलं उत्तर आलंसुद्धा! नागपूरचे अश्विन म्हणून बँकेतले कोणी आहेत, मोटारसायकलवर एकटेच आले होते. गाळ दातांखाली करकरला, राख मऊ लागली, सगळं बरोबर. शेवटचं उत्तर जसंच्या तसं उतरवते: "मी एकटा असल्याने मापाचा प्रश्न सोडणार होतो, पण तुम्ही तिथे माणूस ठेवला आहे हे छान केलंत. फार सज्जन माणूस. न सांगता दरडीपाशी जाऊन उभा राहिला. पांढरा थर त्याच्या छातीशी येतो."

मी कोणाला ठेवणार, मावशी? मला शाळेत खडू मिळत नाहीत. वाळूच्या ट्रॅक्टरवरचा कोणी मजूर असेल. गंमत म्हणजे अश्विनरावांनी फोटो पाठवलाय त्यात नुसती दरड आहे. ते म्हणतात, फोटोच्या वेळी बाजूला झाला असेल.

आरती


अकोला
२७ जानेवारी २०२५

चि. आरती,

त्या अश्विनना विचार: त्या माणसाचं वय काय होतं? कपडे कसे होते? आणि उभा असताना त्याचा डावा हात कुठे होता?

एवढं विचार. का ते नंतर सांगेन. तोवर तू स्वतः तिथे एकटी जाऊ नकोस, हे मात्र मी मावशी म्हणून नाही, हात जोडून सांगते आहे.

मावशी


अमरावती
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशी,

अश्विनरावांना आठवेना. पण गेल्या रविवारी दुसरं उत्तर आलं आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुमच्या अकोल्याच्या डॉक्टर भावना, सायकलवर आल्या होत्या. याही एकट्या. त्यांनी लिहिलं, पांढरा थर "तिथल्या भाऊंच्या" गळ्याशी येतो. मी चिडले. दोघांची उत्तरं वेगळी, म्हणजे एक तरी घरी बसून लिहिणारा. सरळ फोन लावला. तर बाई म्हणाल्या, तिशीतला माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा मनिला, पायाशी रुंद होत गेलेली जुन्या तऱ्हेची पॅन्ट. डावा पंजा बोटं पसरून दरडीला टेकवलेला. त्यांनी नाव विचारलं तर हसून म्हणाला, "नाव कायले पायजे? मी मापाचा मानूस हाय."

मावशी, हाताचं मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांच्याही फोटोत कोणी नाही. फक्त पांढऱ्या पट्ट्याच्या खाली, ओल्या गाळात, पाच बोटं उमटलेली आहेत.

काल मी माझ्याबरोबर शिकवणाऱ्या शालूला घेऊन गेले. तिथे कोणी नव्हतं. दरडीखालची वाळू ट्रॅक्टरने उपसून नेली आहे, पात्र खोल गेलंय. डिसेंबरात मी उभी राहिले तेव्हा पट्टा माझ्या कमरेशी होता, आता खांद्याच्या वर आहे. म्हणजे दोघांची उत्तरं खरी. जमीनच खाली चालली आहे. आणि तो जो कोणी आहे, तो जमिनीबरोबर खाली जातोय. बोटांचे ठसे होते. मी त्यात हात ठेवून पाहिला. आत गारवा होता आणि मला वाटलं, पलीकडूनही कोणी हात टेकवलाय. शालूला तसंच ओढत वर घेऊन आले.

मी ही जागा नकाशावरून काढून टाकते आहे. मला भीती वाटते, मावशी. तुला हाताचं कसं माहीत होतं?

आरती


अकोला
२ मार्च २०२५

चि. आरती,

काढू नकोस. निदान मी सांगेपर्यंत काढू नकोस.

घरात तुम्हा पोरांना सांगितलेलं की काका पुरात गेले. पूर नव्हता. दिवाळी झाली होती, काठ आतून ओले होते. माझं पूर्णेच्या गाळावर, तुझ्या याच दरडीवर संशोधन चाललं होतं आणि हे रविवारी माझ्याबरोबर यायचे. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, दगडमातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या शास्त्रात फोटो काढताना मापासाठी काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर दरड वीतभर की डोंगराएवढी हे बघणाऱ्याला कळत नाही. मोठ्या दरडीला माणूस उभा करतात. फोटोखाली त्याचं नाव कधी लिहीत नाहीत. हे गमतीने म्हणायचे, तुझ्या प्रबंधात मी मापाचा माणूस. हात तसा ठेवायला मीच शिकवलं होतं, पंजाचंही माप मिळतं म्हणून.

त्यांचा एक नेम होता. मी "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. माशी बसली तरी नाही. त्या दिवशी रोल संपला. उन्हात रोल बदलता येत नाही म्हणून मी वर लिंबाखाली गेले. धप्प असा आवाज आला. वळले तर नुसती धूळ. गावाने फावड्यांनी उकरलं, मग वरच्या धरणाचं पाणी आलं आणि ढिगारा धुऊन गेला. हे सापडले नाहीत. घरच्यांनी पिठाचा पुतळा करून अग्नी दिला. मी गेले नाही आणि गळ्यातली पोतही काढली नाही. माझ्या मागे लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. मी पाहिलं नाही, तर मी का मानू?

आरती, ते गेलेले नाहीत. ते उभे आहेत. मी "झालं" म्हटलेलं नाही ना.

पट्टा छातीशी होता, मग गळ्याशी आला. वाळूवाले थांबणार नाहीत. उद्या तो डोक्यावरून जाईल आणि पायाखालचं काढल्यावर ती दरड टिकणार नाही. दुसऱ्यांदा मी त्यांना तिच्याखाली जाऊ देणार नाही. म्हातारी वेडी झाली असं वाटलं तरी हरकत नाही. मी जाणार आहे, आणि एकटीच जाणार. सोबत कोणी असलं तर ते दिसणार नाहीत, तुला दिसले नाहीतच.

चंदामावशी


अमरावती
६ मार्च २०२५

मावशी,

पत्र आत्ता मिळालं. तुझा फोन वाजतोय, तू उचलत नाहीस. शेजारच्या माणिकबाई म्हणतात, तू सकाळीच दर्यापूरच्या बसने गेलीस, डबा घेऊन.

दरडीखाली जाऊ नकोस. तुझे गुडघे धड नाहीत, ती पडली तर तुला पळताही येणार नाही. काका मला कधी दिसलेच नाहीत, तू मात्र माझी आहेस. त्यांना वाचवताना तू गेलीस तर मी काय करू? हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे कळतंय, तरी लिहिते आहे, कारण हात थांबत नाहीत. शाळा सुटली की निघते.

आरती


अकोला
९ मार्च २०२५

चि. आरती,

त्या दिवशी मला बसस्टँडवरून घरी आणलंस, पेज करून घातलीस आणि काही विचारलं नाहीस, म्हणून हे पत्र. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

मी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लिंब आता नाही, खोडही नाही. बसत बसत खाली उतरले. पात्रात कोणी नव्हतं. मी पिशवीतून कॅमेरा काढला, तुझ्या काकांच्या वेळचाच, रिकामा. डोळ्याला लावला आणि खाली घेतला, तर हे दरडीपाशी उभे.

काय सांगू तुला? मनिल्याची वरची गुंडी तुटलेली होती. ती लावायची राहिली होती माझ्याकडून, हे मी विसरूनही गेले होते. पांढरा पट्टा त्यांच्या कपाळाशी आला होता. पाय खड्ड्यात. वरून बारीक माती सुटत होती, त्यांच्या खांद्यावर पडत होती, आणि ते हलत नव्हते.

मी पुढे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने हसले. म्हणाले, "आजी, फोटो काढाचा हाय का? मी उभा रायतो. पन जरा लवकर बरं, आमची चंदा तिकडं रोल भरून राहिली, आता ती हाक मारीन."

मी म्हटलं, "अहो, मीच चंदा."

"तुमचं बी नाव चंदाच का?" म्हणाले. "आमच्या घरी बी तेच हाय." आणि पुन्हा सरळ उभे राहिले, हात पसरून.

आरती, मी इतकी वर्षं काय काय कल्पलं होतं. ते रडतील, रागावतील, मला ओळखून हात धरतील. त्यांच्या जागी फक्त हाडं सापडतील असंही कल्पलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मी कोणीतरी म्हातारी असेन, हे एकदाही मनात आलं नाही. माझ्या मनात हे तिशीतच होते ना, मग मीही तिशीतच होते.

पण वरची माती जोरात सुटायला लागली, आणि रडायला वेळ नव्हता. समोरच्या म्हातारीने सांगून ते हलणार नव्हते, त्यांना त्यांच्या चंदाची हाक हवी होती. मी गुडघे धरत धरत वर आले, लिंब जिथे होता तिथे गेले, त्यांना दिसणार नाही अशी झुडपाआड उभी राहिले, आणि हाक मारली. "झालं हो! या वर!"

आवाज कसा तोच निघाला, देव जाणे.

ते आले. धावत आले, उडी मारून काठ चढले, कपाळाची माती झटकत. मागे दरड बसली. आवाज तोच, धूळही तीच. पण या वेळी ते बाहेर होते. मी झुडपातून पुढे झाले. हात पुढे केला. ते माझ्या अगदी जवळून गेले, इतके की त्यांच्या अंगाची ओल मला लागली. त्यांनी मला पाहिलं आणि ओलांडून पुढे बघितलं. "चंदा, कुठं गेली वं?" असं हसत हसत, शोधत, शेताच्या धुऱ्यावरून रस्त्याकडे चालते झाले. मी मागून हाक मारली नाही. पुन्हा मारायला जीव नव्हता.

डोमाजी दरडीचा आवाज ऐकून पळत आले. मी दरडीखाली सापडले असेन असं त्यांना वाटलं होतं. मी विचारलं, वाटेत कोणी दिसलं का? म्हणाले, "गेला ना एक जन आत्ताच. अकोल्याचा रस्ता इचारत होता, म्या सांगतला."

आता तुझी ती जागा नकाशावरून काढून टाक. तिथे काही उरलेलं नाही.

पोत अजून गळ्यात आहे. ज्या दिवशी काढायची त्या दिवशी काढली नाही, आता तर माणूस चालत घराकडे येतो आहे. तीन दिवस झाले. घर आपलं तेच आहे, रंगही तोच, त्यांना सापडायला अडचण नाही. त्यांनी यावं असं वाटतं म्हणून मी दाराला कडी घालत नाही. आणि येऊ नये असंही वाटतं, त्याची मला लाज वाटते. फाटक वाजलं की मी हातातलं काम तसंच टाकून उभी राहते. अजून तरी दरवेळी दूधवाला किंवा माणिकबाईच निघाल्या आहेत.

ते फार अदबीने विचारतील, मला माहीत आहे. उंबऱ्याबाहेर चपला काढतील आणि विचारतील, "आजी, चंदा इथंच रायते ना?"

मी काय सांगू, आरती? तू मला लवकर कळव.

मावशी